पीएचडी लेझर ऑप्टिक्समध्ये, जीवशास्त्र दहावीनंतर सुटलेलं. बायोइमेजिंगमध्ये (सूक्ष्मदर्शकाने पेशी, भ्रूण यांची चित्रं घेण्याच्या क्षेत्रात) परदेशात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम, मिळेल का?

मिळेल, आणि जीवशास्त्र येत नाही म्हणून अजिबात मागे राहू नका. मीही भौतिकशास्त्रात पीएचडी करूनच जर्मनीत या कामाला आले. स्टेफान हेल यांचंच पाहा. ते मुळात भौतिकशास्त्राचे. पीएचडीनंतर हायडेलबर्गच्या ईएमबीएल या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत गेले, तिथून फिनलंडमधल्या तुर्कूला, आणि तिथे असताना १९९४ साली त्यांनी 'स्टेड' सूक्ष्मदर्शकाची कल्पना मांडली. प्रकाशाने साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक काही वेगळं दिसत नाही, ही जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅबे यांनी १८७३ मध्ये सांगितलेली मर्यादा त्यातून ओलांडता आली. २०१४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये हेल यांचा वाटा आहे तो यासाठीच.

तुमच्यासाठी सगळ्यात नेमकी म्हणजे ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रामची क्रॉस-डिसिप्लिनरी फेलोशिप. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, इंजिनिअरिंग असल्या विषयांतून जीवशास्त्राकडे वळणाऱ्यांसाठीच ती आहे, तीन वर्षांची. युरोपियन युनियनच्या मेरी क्युरी फेलोशिपला अट अशी की ज्या देशात जायचंय तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. भारतातून थेट जाणाऱ्याला ती आडवी येत नाही. एम्बो या युरोपातल्या जीवशास्त्र संस्थेच्या फेलोशिपला पीएचडी होऊन दोन वर्षं उलटायच्या आत अर्ज करावा लागतो. जर्मनीसाठी हुम्बोल्ट फेलोशिप आहे.

पण आधी लॅब पक्की करा, फेलोशिप त्यानंतर. या अर्जांना यजमान प्राध्यापकाची संमती लागतेच, आणि बऱ्याच जागा तर लॅबच्या स्वतःच्या ग्रँटमधूनच भरतात. प्राध्यापकांना लिहिताना पानभर बायोडेटा सांगत बसू नका, केलेलं काम दाखवा. मी बायोइमेज आर्काइव्हमधून, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येणाऱ्या साठ्यातून, लाइट-शीटचा (प्रकाशाच्या पातळ पडद्याने नमुना उजळणाऱ्या सूक्ष्मदर्शकाचा) एक डेटासेट उतरवून घेतला, फिजी या चित्रांवर काम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये डीकॉन्व्होल्यूशन केलं, म्हणजे यंत्रामुळे आलेला धूसरपणा गणिताने काढला, आणि आधीचं-नंतरचं चित्र शेजारी शेजारी लावून मेलला जोडलं. सोबत सात-आठ ओळी, बस. मुलाखतीत प्राध्यापक बाईंनी तेच चित्र स्क्रीनवर उघडलं आणि विचारलं, "पेशींच्या कडेने ही वलयं दिसतायत ती खरी आहेत, की तुमच्या गणिताने तयार केलीत?" मी त्या गणिताची आवर्तनं जास्त चालवली होती, वलयं त्याचीच होती. ते मी सांगितलं आणि आवर्तनं कमी केल्यावर काय दिसेल तेही सांगितलं. निम्मी मुलाखत त्या एका चित्रावरच झाली. तुमच्या ऑप्टिक्सचा खरा उपयोग इथे आहे: दिसतंय त्यातलं नमुन्याचं किती आणि यंत्राचं किती, हे ओळखणं.

जीवशास्त्र हाताने शिकता येतं. पहिला महिना मी झेब्राफिश या छोट्या माशाचे भ्रूण अ‍ॅगारोजमध्ये, म्हणजे गार झालं की जेलीसारख्या थिजणाऱ्या पदार्थात, बसवायला शिकण्यात घालवला. अ‍ॅगारोज जास्त गरम असेल तर भ्रूण मरतो, जरा उशीर झाला की काचेच्या नळीत चढायच्या आतच ते थिजतं. लॅबमधल्या टेक्निशियन ताईंनी शेजारी बसून शिकवलं. असं शिकवणारं माणूस तिथे आहे का, हे लॅब निवडताना तिथल्या विद्यार्थ्यांना जरूर विचारा.

आणि व्हायवानंतर, म्हणजे पीएचडीच्या तोंडी परीक्षेनंतर, पदवी मिळाल्याचं नोटिफिकेशन कधी निघतं, हे विद्यापीठात आत्ताच विचारून ठेवा. माझ्या विद्यापीठाने पाच महिने लावले. तो कागद हातात नाही म्हणून करार अडला, करार नाही म्हणून व्हिसा, आणि रुजू व्हायची तारीख मला दोनदा पुढे ढकलावी लागली.