‘तिला डिप्रेशन आहे’ की ‘ती डिप्रेशनमध्ये गेली’?

एक वाचक ‘यू आर द वर्स्ट’ या अमेरिकी मालिकेच्या काही भागांची मराठी उपशीर्षके (सबटायटल्स) सरावासाठी तयार करत आहेत. त्यांची अडचण अशी की, नायिकेच्या क्लिनिकल डिप्रेशनला ‘नैराश्य’ म्हटले तर ती प्रियकरामुळे निराश झाली आहे असे वाटते, ‘अवसाद’ म्हटले तर हिंदी वाटते, आणि ‘उदासीनता’ म्हटले तर अर्थच पालटतो. शिवाय ‘ती डिप्रेशनमध्ये गेली आहे’ हे सर्रास ऐकू येणारे वाक्य अशा संवादात चालेल का, असेही त्यांनी विचारले आहे. माझ्या मते यांतला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. तरीही आधी नामांकडे पाहू.

‘नैराश्य’ हे ‘निराश’पासून झालेले भाववाचक नाम. निराशेला एक विषय लागतो. कशाची तरी आशा होती आणि ती सुटली, असे त्यात गृहीत असते. भागवताच्या अकराव्या स्कंधात गिऱ्हाइकाची वाट पाहून थकलेल्या पिंगला नावाच्या गणिकेच्या कथेअखेरीस ‘आशा हि परमं दुःखं नैराश्यं परमं सुखम्’ असे म्हटले आहे. तिथे नैराश्य म्हणजे आशेच्या जाचातून सुटका, आणि त्यानंतर पिंगला सुखाने झोपी जाते. मराठीत या शब्दाचा अर्थ नेमका उलट्या टोकाला गेला असला, तरी आशेशी असलेले त्याचे नाते तुटलेले नाही. म्हणूनच प्रेमकथेत ‘नैराश्य’ ऐकले की प्रेक्षक आपोआप प्रेमभंग शोधू लागतो. तरीही वृत्तपत्रांत आणि आरोग्यविषयक लेखनात आता हाच शब्द रुळला आहे, तेव्हा तो टाकून देण्यात अर्थ नाही. त्याला ‘आजार’ किंवा ‘विकार’ जोडावा, म्हणजे विषय शोधण्याची सवय थोडी आवरते.

‘अवसाद’ला निव्वळ हिंदी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ‘सद्’ या धातूला ‘अव’ लागून तो झाला आहे. खचणे, गळून जाणे, खाली बसणे हा त्याचा अर्थ, आणि ‘डिप्रेशन’च्या मुळाशी असलेल्या ‘खाली दाबले जाणे’ या कल्पनेला तो इतर कोणत्याही शब्दापेक्षा जवळचा आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायातील ‘नात्मानमवसादयेत्’ आपल्याला परके नाही. याच धातूपासून ‘विषाद’ आणि त्याच्या अगदी विरुद्ध दिशेचा ‘प्रसन्न’ हे दोन्ही शब्द आले. परंतु पडद्यावर ओळ दोन-तीन सेकंद टिकते, आणि तेवढ्यात वाचकाकडून व्युत्पत्तीची अपेक्षा करता येत नाही. ‘विषाद’ मात्र मुळीच वापरू नये. अर्जुनाच्या विषादाला समोर उभे असलेले कारण होते आणि तो संवादाने मावळला. त्याची उपमा या आजाराला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्यातून रुग्णाला नीट समजावून सांगणारा भेटला की काम झाले, असा घातक समज पसरतो.

‘उदासीन’ बाद होतो, कारण त्याचा मूळ अर्थ ‘बाजूला बसलेला, तटस्थ’ असा आहे. मराठीत ‘उदास’ म्हणजे खिन्न, पण ‘उदासीन’ म्हणजे ज्याला फिकीर नाही असा. ‘ती उदासीन आहे’ असे लिहिले, तर तिचे त्याच्यावरचे मन उडाले असाच अर्थ होईल. ‘वैफल्य’ फसलेल्या प्रयत्नाचे, आणि ‘खिन्नता’ एखाद्या संध्याकाळपुरती. तेव्हा डॉक्टरांच्या तोंडी ‘नैराश्याचा आजार’ आणि नायिकेच्या तोंडी सरळ ‘डिप्रेशन’ ठेवावे. तिच्या वयाची पुण्या-नागपूरची मुलगी हाच शब्द वापरील.

आता क्रियापद. मराठीत आजार ‘असतो’, ‘होतो’ किंवा ‘येतो’, आणि तो ज्याला होतो त्याला चतुर्थीचा प्रत्यय लागतो: मला ताप आला, वडिलांना मधुमेह आहे, तिला कावीळ झाली. या रचनेत रुग्ण कर्ता नसतो, त्यामुळे दोषही त्याच्याकडे जात नाही. ‘डिप्रेशनमध्ये जाणे’ या रचनेत मात्र माणूस कर्ता होतो आणि डिप्रेशन हे एक ठिकाण होते. गेली म्हणजे कशामुळे तरी गेली, कुणीतरी घालवली, आणि मनावर घेतले तर परतही येईल, एवढे सगळे त्या एका ‘गेली’त येते. माझ्या पाहण्यातल्या दैनंदिन मराठी आणि हिंदी मालिकांत हा आजार बहुतेक वेळा असाच येतो: लग्न मोडले किंवा नवऱ्याने फसवले म्हणून ती डिप्रेशनमध्ये जाते, आणि तो परतला, क्षमा मागितली, की बाहेर येते. कथानकाची आणि क्रियापदाची चाल इथे एकच आहे. दुःखद घटनेनंतर हा आजार उद्भवत नाही असे नाही. तो अनेकदा तसा उद्भवतो. पण तो कारणाशिवायही येतो, आणि कारण दूर झाल्यावरही राहतो. निदानाच्या प्रचलित निकषांत लक्षणे किमान २ आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज असावी लागतात, आणि मन उदास असणे किंवा कशातच रस व आनंद न उरणे यांपैकी एक तरी असावेच लागते.

आपण निवडलेल्या मालिकेचे मोल याच दुसऱ्या लक्षणात आहे. २०१५ सालच्या दुसऱ्या पर्वात नायिका ग्रेचेन आणि तिचा प्रियकर जिमी एकत्र राहत आहेत, आणि त्यांच्यात बिघडलेले काही नाही. तरीही तो झोपल्यावर ती घराबाहेर पडते आणि गाडीत एकटी बसून रडते. पुढे तिच्याकडून कळते की हा आजार तिला पूर्वीपासून आहे, तो मधूनमधून उलटतो, आणि जिमीने आपल्याला दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये. नंतर एका प्रसंगी ती त्याला सांगते की, आपल्याला आता कशाबद्दलच काही जाणवत नाही, त्याच्याबद्दलही नाही.

हे वाक्य मराठीत आणताना मोठी जबाबदारी आहे. ‘मला काहीच वाटत नाही’ हे शब्दशः बरोबर आहे, पण आपल्याकडे ‘तुला काही वाटतं का?’ हा लाज काढणारा प्रश्न आहे. ज्याला ‘काही वाटत नाही’ तो निगरगट्ट ठरतो. म्हणजे मूळ संवादात जे दुखण्याचे वर्णन आहे, ते मराठीत निर्दयपणाची कबुली होऊन बसेल. ‘करमत नाही’ही चालणार नाही, कारण ‘तुझ्याशिवाय करमत नाही’ ही प्रेमिकांची बोली आहे.

इथे मराठीचीच एक रचना मदतीला येते: ‘-एनासा होणे’. झोप येईनाशी झाली, अन्न जाईनासे झाले, डोळ्यांना दिसेनासे झाले. जे होत होते ते आता होत नाही, आणि त्यात माझी इच्छा विचारलेली नाही, हे दोन्ही त्यात येते. म्हणून मी लिहीन: ‘मला कशाचंच काही वाटेनासं झालंय. तुझंसुद्धा.’ यात ‘पूर्वी वाटत होते’ हे न सांगता कळते, आणि जिमीला ते कळणे त्या प्रसंगात फार आवश्यक आहे.

याच जातीची दुसरी रचना म्हणजे शक्य क्रियापदाची. ‘ती उठत नाही’ आणि ‘तिला उठवत नाही’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्या वाक्यात ती नकार देते; दुसऱ्यात तिच्या अंगात बळ नाही. बोलवत नाही, बघवत नाही, फोन घेववत नाही: या आजाराचे इतके नेमके वर्णन करणारी क्रियापदे हाताशी असताना आपण ‘ती कुणाशी बोलत नाही’ असे लिहून तिच्या माथी हट्ट मारतो. जोडीदारांमधल्या भांडणाच्या संवादात तर हा फरक निर्णायक ठरतो: जिमीच्या रागाच्या वाक्यात ‘उठत नाहीस’ असावे आणि तिच्या उत्तरात ‘उठवत नाही’ असावे. एक सावधगिरी घ्यावी लागेल. ‘उठवणे’ हे प्रयोजक क्रियापदही असल्याने एकटे ‘तिला उठवत नाही’ हे ‘तिला कुणी जागे करत नाही’ असेही वाचले जाईल. तिथे ‘अंथरुणातून’ किंवा ‘तिच्यानं’ जोडावे.

जिमी तिला ‘दुरुस्त’ करू पाहतो, त्या क्रियापदाबद्दलही थोडे. ‘सुधारणे’ वापरू नये, कारण माणसाचा सुधारतो तो स्वभाव. ‘बरं करणे’ हे वैद्याचे काम आहे, आणि तो दावा जिमीच्या तोंडी चुकीचा असला तरी शोभतो, कारण त्याचा खरोखर तसाच समज आहे. हॅलोवीनच्या दिवशी भीतीच्या थराराने तिचे मन ताळ्यावर येईल, अशा खटाटोपापर्यंत तो जातो. पुढे तो कंटाळतो, दुसऱ्या स्त्रीकडे वळू लागतो, आणि अखेरीस परत येऊन तिच्याभोवती पांघरुणांचा आडोसा उभारून तिच्याजवळ पडून राहतो. या वळणासाठी आपल्याकडे ‘सोबत करणे’ हा उत्तम प्रयोग आहे. आजाऱ्यापाशी रात्री थांबणाऱ्याला आपण ‘सोबतीला आहे’ म्हणतो. तो आजार घालवील अशी अपेक्षा त्याच्याकडून कुणी करत नाही. ‘साथ देणे’ मात्र टाळावे. त्यात शपथेचा आणि चित्रपटगीतांचा सूर आहे, आणि त्या प्रसंगात जिमी कोणतीही शपथ घेत नाही. तो फक्त निघून जात नाही.

शेवटची सूचना ‘बरी झाली’बद्दल. ‘झाली’ने आजार संपला असे ठरते. तिसऱ्या पर्वात ग्रेचेन थेरपिस्टकडे जाऊ लागते, हे ध्यानात ठेवून दुसऱ्या पर्वाअखेरीस ‘आता बरं वाटतंय’ किंवा ‘बरी आहे’ एवढेच लिहावे. आणि आजार उलटल्याचा उल्लेख येईल तिथे ‘पुन्हा डिप्रेशनमध्ये गेले’ न लिहिता ‘डिप्रेशन पुन्हा आलं’ असे लिहावे, जसे आपण तापाविषयी म्हणतो.