जळगावला नवीन आलोय, इथल्या हौशी नाटक-कलेच्या मंडळींत शिरायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात असताना दर शनिवारी कुठे कवितावाचन, कुठे प्रायोगिक नाटक, कुठे पोरांनी स्वतः झेरॉक्स करून काढलेला अंक, असं काहीबाही चालायचं. आता बँकेत बदली होऊन जळगावला आलात, तीन महिने झाले, आणि ‘इथे काहीच होत नाही’. काही असलंच तर त्यात शिरायचं कसं, की स्वतःच काही सुरू करावं?

मी अमळनेरची. शिवणकाम आणि फॉल-पिकोचं छोटं दुकान आहे. सात वर्षांपूर्वीपर्यंत नाटकाशी माझा संबंध टीव्हीवर लागलं तर बघायचं, इतकाच. एक दिवस कॉलेजातला एक पोरगा काळ्या कापडाचा गठ्ठा खांद्यावर टाकून दुकानात आला. म्हणाला, “ताई, स्टेजचा पडदा शिवायचाय. शिलाई स्पर्धा झाल्यावर देतो.” उधारीवर मी ब्लाउजसुद्धा शिवत नाही, पण त्याचं तोंड बघून हो म्हटलं.

स्टेज 30 फूट रुंद, म्हणून मी पडदाही बरोबर 30 फुटांचा शिवला. पट्ट्या जोडल्या, वर नेफा घातला, खाली दुमड मारली. माझ्या मते काम झकास झालं होतं. प्रयोगाला मुद्दाम पुढच्या रांगेत जाऊन बसले. पडदा लागला तो चादर वाळत घातल्यासारखा ताणून. मागे कुणीतरी हॅलोजन लावला आणि कपडे बदलणारे दोन नट सावल्यांच्या खेळासारखे सगळ्या हॉलला दिसायला लागले. एकाचं धोतर अर्धं होतं. लोक हसून लोटपोट, आणि मी खुर्चीत खाली खाली सरकतेय.

मध्यंतरात विंगेत गेले. तिथे एक आबा होते, मिलमध्ये आयुष्य गेलेले, मंडळाची लाईट सांभाळणारे. त्यांनी मला पडदा शिकवला. 30 फुटांचं स्टेज असेल तर कापड 45 फूट तरी हवं, 60 असलं तर उत्तम. बाकीचं कापड चुण्यांमध्ये जातं. चुण्या पडल्या की कापडावर कापड येतं आणि उजेड अडतो. आणि खालच्या नेफ्यात बारीक साखळी घालायची, म्हणजे वाऱ्याने पडदा उडत नाही. आपल्याकडचा उन्हाळी वारा तुम्ही अजून बघितला नसेल, बघाल. त्याच रात्री पडदा दुकानात आणून उसवला. शिलाई अजून मिळालेली नाही, पण त्या दिवसापासून मी मंडळात आहे. चौथ्या वर्षी एका एकांकिकेत कामही केलं, बारा वाक्यांचं.

म्हणून शिरायचं कसं, याला माझ्याकडे एकच उत्तर आहे: हाताला येतं ते काम घेऊन. ‘मला अभिनयाची आवड आहे’ म्हणून येणारे वर्षाला पंधरा येतात आणि पहिल्या वाचनात मोठी भूमिका मिळाली नाही की पंधराही जातात. तुम्ही बँकेत आहात. अहो, सोन्याहून पिवळं! खानदेशातल्या एकाही हौशी मंडळाचा हिशेब वेळेवर लिहिलेला मी बघितलेला नाही. वर्गणीची पावतीपुस्तकं तिघांच्या घरी, मंडपवाल्याला दिलेला ॲडव्हान्स कुणाच्या लक्षात नाही, आणि वर्षअखेरीस भांडण. ‘मी हिशेबाची वही लिहीन’ एवढं बोलून बघा. दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला तालमीला बोलावणं येईल.

आता ‘इथे काहीच होत नाही’ याबद्दल. होतं बरंच, पण त्याला पत्ता नसतो आणि पोस्टर तर त्याहून नसतं. सुरुवात जळगावातच करा. हौशी राज्य नाट्य स्पर्धेचं जळगाव केंद्र असतं, हिवाळ्याच्या सुमाराला. तिकीट चहा-नाश्त्याच्या भावात. नाटकं सगळीच चांगली नसतात, काही तर सहन होत नाहीत. पण तुम्ही नाटकासाठी जाऊच नका. पडदा पडल्यावर सेट उतरवायला कोण थांबतं ते बघा. ज्या मंडळाचे नट स्वतः फळ्या उचलतात त्यांच्याकडे जा. विद्यापीठाचा युवारंग महोत्सव आटोपला की त्यात चमकलेली पोरं आपापल्या गावी, चोपड्याला, पारोळ्याला, शहाद्याला परत येतात. नोकरीच्या परीक्षांचा अभ्यास करत बसलेली असतात आणि अंगात नाटक तसंच असतं. आमच्याकडचे निम्मे लोक त्यातलेच. जळगावातल्याच व. वा. (वल्लभदास वालजी) वाचनालयात चक्कर टाका, काचफलकावरची हाताने लिहिलेली चिठ्ठी वाचत जा. आणि एक रविवार काढून चाळीसगावला जाऊन छायाचित्रकार केकी मूस यांचं घर बघा. पंजाब मेलने येणाऱ्या प्रेयसीची ते वाट बघायचे ही गोष्ट तुम्हाला प्रत्येक जण सांगेल, ती एका कानाने ऐका. त्यांनी टेबलावर वस्तू मांडून काढलेले फोटो मात्र नीट बघा. गाव न सोडता, घरात बसून, हाताशी असलेल्या सामानातून माणूस काय करू शकतो ते तिथे भिंतीवर लागलेलं आहे.

मालेगावचंही तुम्ही ऐकलं असेल. यंत्रमागाच्या त्या गावात लोकांनी सायकलवर कॅमेरा धरून, बैलगाडीची क्रेन करून आख्खे सिनेमे काढले. जिल्हा नाशिक लागतो, पण बोली विचाराल तर आमचीच भावकी.

वेळापत्रकाचं मात्र सांगायला हवं, नाहीतर तुम्ही भलत्याच महिन्यात जाऊन ‘कुणी भेटत नाही’ म्हणाल. आमचं वर्ष कपाशीच्या हिशेबाने चालतं. जूनमध्ये पेरणी, तेव्हा शेतकरी घरातलं कुणीही तालमीला येत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे आमची खानदेशची देवी, बसते. रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, सगळी भावकी गावी येते, रात्रभर गाणी होतात. (कुणी बोलावलं तर नक्की जा. तिथे म्हाताऱ्या बाया जे गातात ते कुठल्याही स्टेजवर ऐकायला मिळणार नाही.) मग गणपती. मंडळांचे सजीव देखावे हे खरं म्हणजे आमचं नाट्यशिक्षण. दहा मिनिटांचा प्रसंग, ध्वनिमुद्रित संवाद, रात्रीत चार-पाच खेळ, समोर रस्त्यावरची उभी गर्दी. आवडलं नाही तर ती सरळ पुढे निघून जाते. ऑक्टोबरपासून वेचणी, पण संध्याकाळी लोक मोकळे असतात, म्हणून तेव्हा तालमी जोरात. जानेवारीत भरीत पार्टी. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, पेटवून त्यावर वांगी भाजायची, कळण्याची भाकरी, आणि शेतातच पुढच्या वर्षीचं नाटक ठरतं. आमची एकही मोठी बैठक आजवर खुर्चीवर बसून झालेली नाही. मे महिन्यात 45 अंशांत कुणी काही करत नाही, फार तर रात्री गच्चीवर वाचन.

भाषेचं सांगते, कारण तिथे मी स्वतः चुकत होते. पहिली दोन वर्षं आम्ही सगळे पुणेरी बोलायचा प्रयत्न करायचो. ‘आपण कुठे निघालात?’ असं वाक्य होतं एका शेतकऱ्याच्या तोंडी, आणि ते म्हणणारा पोरगा रोज त्याच वाक्यावर अडखळायचा. एका तालमीत चिडून तो म्हणाला, “कथा चालना रे भो?” तेच वाक्य, आमच्या बोलीत. सगळे थांबलो. मग आख्खा प्रवेश अहिराणीत करून घेतला. पारोळ्याजवळच्या एका गावात खेळ केला तर पहिल्याच वाक्याला मागच्या रांगेतून उत्तर आलं! प्रेक्षक नटाशी बोलायलाच लागले. तुमच्याकडे जळगाव-भुसावळ-यावल भागात लेवा गणबोली ऐकू येईल, बहिणाबाई ज्या बोलीत रचायच्या ती. जामनेरकडे तावडी. सातपुड्यात वर गेलात तर भिल्ली, पावरी. तुम्ही लगेच बोलायला जाऊ नका, उसनी बोली कानाला टोचते. ऐकत राहा. संहितेत चुकीचा शब्द आला की कुणीतरी हसेल, का हसलं ते विचारा.

कागदपत्रं फार नाहीत, पण बँकवाल्याला ती सोपी जातील. जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. लेखकाची परवानगी वेगळी घ्यायची, आणि मानधन कमी असलं तरी द्यायचंच. मैदानात खेळ असेल तर पोलीस ठाण्यात लाउडस्पीकरचा अर्ज. रात्री 10 नंतर स्पीकर बंद, त्यामुळे साडेसातला घंटा झालीच पाहिजे. संस्था म्हणून नोंदणी करायची तर किमान सात सभासद लागतात. पण पहिल्या वर्षी नोंदणीच्या मागे लागू नका. आधी सात माणसं वर्षभर टिकतात का ते बघा, मग अध्यक्ष कोण यावरून भांडा. पुढाऱ्याकडून खुर्च्या घ्या, फ्लेक्स घेऊ नका. आम्ही एकदा घेतला होता. नाटकाच्या नावापेक्षा वाढदिवसाच्या शुभेच्छा मोठ्या छापून आल्या.

बायकांना मंडळात आणायचं असेल तर तालीम साडेआठला संपवा. आमच्यात पहिली तीन वर्षं मी एकटी होते. वेळ बदलली आणि त्याच वर्षी आणखी चौघी आल्या. घरच्यांना समजवायला जे दोन तास भाषण केलं होतं ते वाया गेलं होतं, घड्याळाने काम केलं.

स्वतःचं काही सुरू करावं का? नाटक नको. नाटकाला माणसं, जागा, पैसा सगळंच लागतं आणि तुमची पुन्हा बदली होणार. अंक काढा, हाताने लिहिलेला. आम्ही दिवाळीत काढतो. 16 पानांचा, चार ए-फोर कागद पाठपोट झेरॉक्स करून मधोमध दुमडलेले. पहिल्या वर्षी आम्ही पानं 1, 2, 3 अशी क्रमाने लिहीत गेलो आणि दुमडल्यावर कथेच्या मध्येच पाककृती आली. मग एका गणिताच्या सरांनी युक्ती सांगितली: कागदाच्या एका बाजूला जी दोन पानं शेजारी येतात त्यांची बेरीज नेहमी 17. म्हणजे 16 शेजारी 1, 2 शेजारी 15, 14 शेजारी 3. हे एकदा डोक्यात बसलं की अंक चुकत नाही. लिहायला काळं पेन घ्यायचं, निळं झेरॉक्सला पुसट येतं. कडेला बोटभर जागा सोडायची. साधा स्टेपलर घडीपर्यंत पोचत नाही. लांब हाताचा कुणाकडे नसेल तर सुई-दोऱ्याने मध्ये तीन टाके मारायचे. ते काम माझ्याकडे असतं, 200 प्रतींचं. दोन रात्री जातात आणि बोटं भोकं पडून चाळणी होतात, पण स्टेपलरपेक्षा टिकाऊ.

विकायची कशी, हेही विचाराल. आम्ही चहाच्या टपरीवर, रसवंतीवर, एसटी स्टँडजवळच्या पेपर स्टॉलवर ठेवतो. किंमत 20 रुपये, शेजारी डबा. डब्यात पूर्ण पैसे कधी निघत नाहीत. 2024 च्या फेब्रुवारीत अमळनेरला अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं आणि त्याच दिवसांत गावात विद्रोही साहित्य संमेलनही होतं, तेव्हा पोरं पिशव्या खांद्याला लावून दोन्हीकडे फिरली. एवढे वाचक पुन्हा एकगठ्ठा भेटतील असं वाटत नाही. दोन्ही मांडवांत अंक खपला. वाद मात्र पोरांनी दोन्हीकडून ऐकून घेतले आणि महिनाभर आमच्याच गच्चीवर घातले.

जळगावहून अमळनेर सुरत लाइनवर आहे, रविवारी सकाळी गाडीत बसलात तर दुपारच्या जेवणाला परत जाल. यंदाच्या अंकाचं जुळवणं चालू आहे. पान 10 आणि पान 7 अजून रिकामी आहेत, एकाच कागदाची एकच बाजू. ‘जळगावात तीन महिने’ असं काही लिहून आणलंत तर 7 तुम्हाला देते. अडीचशे शब्दांच्या वर जाऊ नका आणि अक्षर जरा मोठं काढा. 10 वर आबांकडून मिठाच्या पाण्यातल्या जुन्या डिमरची (स्टेजचा उजेड कमी-जास्त करायच्या जुगाडाची) हकीकत घ्यायची आहे, आणि ते सांगायला लागले की शब्द मोजत नाहीत.