काल्पनिक देशावर वाद घालताना

वादविवाद स्पर्धेत काल्पनिक देशाची माहितीपत्रिका देऊन "उद्योग सरकारच्या ताब्यात असावेत" अशा ठरावावर बोलायला सांगितलं, तर आधी ती पत्रिका दोनदा वाच आणि चार गोष्टी अधोरेखित कर: भांडवल कुणाचं, किंमत कोण ठरवतं, कामगार संघटना स्वतंत्र आहे का, संपाला परवानगी आहे का. पत्रिकेत नसलेली आकडेवारी घुसडू नकोस. प्रतिपक्षाने "हे कुठे लिहिलंय?" विचारलं की अख्खं भाषण कोसळतं.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे सरकारी नियंत्रण आणि सरकारी मालकी एकच समजणं. परवाना व किंमत-नियंत्रण, मोठा भागभांडवली हिस्सा, पूर्ण राष्ट्रीयीकरण या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. ठरावात कोणती अभिप्रेत आहे ते पहिल्या अर्ध्या मिनिटातच सांगून टाक.

दुसरी चूक जास्त महागात पडते: उद्योग सरकारी झाला म्हणजे कामगार सुखी, असं धरून चालणं. आपल्या नागपुरातच वेकोलिचं (वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड या सरकारी कोळसा कंपनीचं) मुख्यालय आहे, तेव्हा कोळशाचं उदाहरण नीट वापर. 1972 ला कोकिंग (पोलादासाठी लागणाऱ्या) कोळशाच्या आणि 1973 ला बाकीच्या कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. खाजगी मालकांची असुरक्षित खोदाई आणि तुटपुंजी मजुरी ही त्यामागची मोठी कारणं. पण सरकारी खाणीत कंत्राटी कामगारही राबतात, आणि त्यांना कायम कामगाराएवढं संरक्षण नसतं. म्हणून विचार, सरकारच मालक आणि सरकारच पंच असेल तर तक्रार कुठे न्यायची? बाजू कोणतीही असो, स्वतंत्र लवादाची तरतूद मांडल्याशिवाय खाली बसू नकोस. मात्र वेकोलिचं उदाहरण तुलनेपुरतंच. ते त्या काल्पनिक देशाचा पुरावा ठरत नाही.