कन्सल्टंट येऊन गेला, आता ती एक्सेल कोण उघडणार?

वाचकांचे प्रश्न. या वेळी सातारा-सांगलीकडून आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थांचे मेसेज जास्त आलेत आणि बहुतेकांचा रोख एकाच माणसावर आहे, तो म्हणजे कन्सल्टंट. म्हणून या वेळी तेच घेतलेत.

प्रश्न : आमची छोटी संस्था आहे, कराड तालुक्यात ऊसतोड बायकांच्या आरोग्याचं काम करतो. एका कंपनीनं सीएसआरमधून (कंपन्यांचा समाजकामाचा निधी) पैसे दिलेत पण अट घातलीय की काही रक्कम 'कपॅसिटी बिल्डिंग'वर खर्च करायची आणि त्यासाठी पुण्याचा कन्सल्टंट घ्यायचा. ते सर आले, दोन तास लॉगफ्रेम, बेसलाइन, थिअरी ऑफ चेंज असलं बोलून गेले. आमच्या पोरी नुसत्या ऐकत बसल्या, नंतर मला विचारतात ताई आपलं काय चुकतंय का. घ्यावं का नको त्यांना? घेतलं तर काय करून घ्यावं? – एक कार्यकर्ती, कराड तालुका

आधी पोरींना सांगा की चुकत काही नाहीये. लॉगफ्रेम म्हणजे एक तक्ता असतो, आपण काय करणार, त्यानं काय बदलणार आणि बदललं हे कशावरून कळणार, एवढंच. तुमच्या पोरी हे रोज चहा पिताना बोलतात, फक्त रकाने आखत नाहीत.

कन्सल्टंट घ्या. पण पुढच्या मीटिंगच्या आधी तुमच्या अडचणी तुम्हीच एका पानावर लिहून काढा, मराठीत, आणि ते पान त्यांच्या हातात द्या. हे आवर्जून सांगतेय कारण पान लिहायला बसलं की निम्म्या अडचणी कन्सल्टंटच्या नसतातच असं दिसतं. विश्वस्त बदलले आणि धर्मादाय आयुक्तांकडे ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा राहिला, ८०जी ची (देणगीदाराला करसवलत मिळवून देणाऱ्या नोंदणीची) मुदत संपत आली, सीएसआरचे पैसे घ्यायला लागणारा सीएसआर-१ फॉर्म भरलाय का नाही कुणालाच माहीत नाही, ही सगळी सीएची किंवा वकिलाची कामं आहेत आणि ती त्यांच्याकडून स्वस्तात होतात. दुसरी अडचण म्हणजे माणसं कमी. ती कुठलाही कन्सल्टंट वाढवून देत नाही, उलट त्याच्यासाठी माहिती गोळा करायला तुमच्याच दोन पोरी अडकतात.

मग उरतं ते खरं काम. तुमच्याकडे ते काय असेल याचा मला अंदाज आहे, कारण ऊसतोडीत काम करणाऱ्या सगळ्यांचं दुखणं एकच असतं. तुमचा नोंदणीचा फॉर्म काढून बघा. पहिला रकाना नाव, दुसरा पत्ता. पत्ता काय लिहिणार? गाव बीड जिल्ह्यातलं, आत्ता मुक्काम कारखान्याच्या गाडीतळावर, म्हणजे ऊसतोड टोळ्यांच्या तळावर, पंधरा दिवसांनी टोळी दुसऱ्या फडाला (उसाच्या रानाला) गेली की खोपही हलली. तिसरा रकाना मोबाइल. तिथं नंबर असतो मुकादमाचा, नाहीतर नवऱ्याचा. आता अशा बाईला तीन आठवडे खोकला आहे, तुम्ही थुंकी तपासायला नेली आणि टीबी निघाला, समजा डिसेंबरात. औषधं किमान सहा महिने आणि पट्टा पडतो, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपतो, मार्च-एप्रिलात. म्हणजे कोर्स अर्ध्यावर असताना ती गावी जाणार हे पहिल्या दिवशीच ठरलेलं आहे, तरी आपल्या फॉर्मवर 'परत कुठल्या गावी जाणार, तिथला कुणाचा नंबर, कुठलं पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र)' हे विचारलेलंच नसतं. निक्षय आयडी (सरकारच्या टीबी नोंदणीचा नंबर) असला की केस त्या जिल्ह्याकडे ट्रान्सफर करता येते, पोषण आहाराचे महिना १००० रुपयेही (नोव्हेंबर २०२४ पासून, आधी ५०० होते) औषध चालू असेपर्यंत मिळतात, पण खातं तिच्या नावावर आहे का, आधार लिंक आहे का, पासबुक गावी ट्रंकेत राहिलंय का, हे कुणीतरी विचारलं तर. कन्सल्टंट चांगला असेल तर तो या एका फॉर्मवर दोन दिवस घालवेल, बीडमधल्या गेवराई नाहीतर धारूरकडच्या कुठल्या संस्थेशी तुमचं बोलणं लावून देईल, आणि याद्या कुणी, कधी, कशा पाठवायच्या ते तुमच्या पोरींकडूनच ठरवून घेईल. कपॅसिटी बिल्डिंग म्हणतात ते हेच.

आणि कन्सल्टंटला गाडीतळावर न्याच. संध्याकाळी न्या, चुली पेटल्यावर. बायका पहाटे तीन-चारला उठून फडात जातात, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या, परत येऊन पाणी आणायचं आणि भाकरी थापायच्या. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी आणि उचल (आगाऊ घेतलेले पैसे) दोघांच्या नावावर, त्यामुळे बाईनं एक दिवस सुट्टी घेतली तर खाडा, म्हणजे गैरहजेरीचे पैसे, कापला जातो. अशा बाईला सकाळी ११ वाजता कम्युनिटी हॉलमधे 'जनजागृती सत्रा'ला बोलवायचा प्लॅन मी स्वतः प्रपोजलमधे छापलेला बघितलाय, लॅमिनेशन करून. पाळीच्या दिवसांतही खाडा नको, आजारपण नको, याच कचाट्यात गर्भपिशवी काढून टाकण्याचा प्रकार बीडमधे वाढला आणि २०१९ ला तो गाजला तेव्हा सरकारनं नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तुमच्या कन्सल्टंटला यातलं काहीच माहीत नसेल तर त्याला शिकवण्यात पहिला महिना जाईल आणि फी तुमचीच जाईल, हे आधी विचारून घ्या.

माझं थोडं स्पष्ट मत सांगते, राग नको. बाहेरून ज्ञान आणून संस्थेत ओतायचं ही कल्पनाच मला पटत नाही. जामखेडला आरोळे या डॉक्टर दांपत्यानं १९७० पासून गावातल्या बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, आरोग्याचं शिक्षण दिलं आणि गावाची सेवा त्यांच्याच हातात दिली. आपल्या सांगलीत संग्राम संस्थेनं १९९२ च्या सुमारास एचआयव्हीचं काम सुरू केलं तेव्हा वस्तीतल्या धंदा करणाऱ्या बायकाच एकमेकींना कंडोमबद्दल शिकवायला लागल्या आणि पुढे त्यातूनच 'व्हॅम्प' ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. वस्तीतल्या बाईला वस्ती माहीत असते. बाहेरच्यानं तिला हिशोब, नोंदी, कायदा आणि सरकारी दारं कुठली ते दाखवायचं, एवढंच त्याचं काम.

करारात हे घालून घ्या. कोण किती दिवस फील्डवर येणार ते नावानिशी, कारण बोलायला सर येतात आणि कामाला नवीन पास झालेला पोरगा येतो. सगळं साहित्य मराठीत. एक्सेल, फॉर्म, डॅशबोर्ड एडिट करता येतील असे, पासवर्डसकट, तुमच्या संस्थेच्या ईमेलवर, नुसती पीडीएफ चालणार नाही. डेटा संस्थेचा. पैसे टप्प्याटप्प्यानं आणि शेवटचा हप्ता तुमची पोरगी स्वतः मासिक रिपोर्ट काढून दाखवेल तेव्हा, सरांनी काढलेला नाही. कोटेशनमधे १८ टक्के जीएसटी धरलाय का ते विचारा, नाहीतर शेवटी तो आकडा बघून बजेट हलतं. टीडीएस कापायचा विसरू नका.

प्रश्न : आम्ही एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांसोबत काम करतो. इम्पॅक्ट रिपोर्ट (कामानं काय बदललं त्याचा अहवाल) लिहायला नेमलेली एजन्सी म्हणतेय सगळ्यांची नावं, गाव, फोन असलेली शीट पाठवा, व्हेरिफाय करायचंय. फंडरचंच काम आहे म्हणतात. द्यायची का? – सांगली

नाही. फंडरचं असो नाहीतर कुणाचं.

एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा आहे, सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि त्यात माणसाची लेखी संमती असल्याशिवाय त्याचं स्टेटस दुसऱ्याला सांगता येत नाही. व्हेरिफिकेशन करायचंच असेल तर त्यांचा माणूस तुमच्या ऑफिसला येऊन कोड नंबर आणि रजिस्टर तुमच्यासमोर ताडून बघू दे, किंवा ज्या बाया स्वतः बोलायला तयार आहेत त्यांच्याशी तुमच्या कार्यकर्तीमार्फत बोलू दे. आणि नावं काढली म्हणजे झालं असं समजू नका. गाव लहान असलं की वय, पोरं किती, नवरा कधी वारला एवढ्यावरून अख्खी आळी ओळखते. म्हणून गावाऐवजी तालुका लिहा, वयाचे गट करा, आणि ज्या रकान्यात दोन-तीनच बाया येतात तो शेजारच्या रकान्यात मिसळून टाका. 'सक्सेस स्टोरी'चा फोटो पाठीमागून काढला तरी साडी ओळखली जाते, हे त्या एजन्सीला सांगाच.

प्रश्न : एक जण म्हणतोय मी प्रपोजल लिहितो, आत्ता काही देऊ नका, ग्रँट मंजूर झाली की १० टक्के द्या. आमच्याकडे तसेही पैसे नाहीत. – आटपाडी

सोपं वाटतं पण नका करू. ते १० टक्के बजेटमधे लिहिता येत नाहीत, मग ते कुठून तरी काढायचे म्हणजे वाहनभाडं फुगवा, ट्रेनिंगचं जेवण फुगवा, खोटी बिलं. ऑडिटला सही तुमची असणार, त्याची नाही. शिवाय टक्केवारीवर काम करणारा माणूस प्रपोजल मोठंच लिहिणार, तुम्हाला दहा गावं झेपत असली तरी तो पन्नास लिहील. फंडरेझिंग करणाऱ्यांच्या व्यावसायिक आचारसंहिताही टक्केवारीला नकोच म्हणतात. त्याला सांगा एका प्रपोजलची ठरावीक फी घे, कमी घे, पण आत्ता घे आणि पावती दे. आणि पैसे परदेशी असतील तर अजून जपून, एफसीआरएत (परदेशी देणग्यांच्या कायद्यात) २०२० पासून ॲडमिन खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे आणि अशी प्रोफेशनल फी त्यातच धरतात.

प्रश्न : मी आरोग्य विभागातून हेल्थ सुपरवायझर म्हणून रिटायर झाले. दोन-तीन संस्था सल्ल्यासाठी बोलवतात. इंग्रजी जेमतेम, पीपीटी जमत नाही. मी कन्सल्टंट होऊ शकते का, आणि फी मागायची कशी? मागायला लाज वाटते. – मिरज

मॅडम, तुम्ही ऑलरेडी कन्सल्टंट आहात, फक्त फुकट. ते थांबवा.

तुम्हाला जे येतं ते पीपीटीवाल्यांना येत नाही. पीएचसीची मासिक मीटिंग कधी असते, एमओला (मेडिकल ऑफिसरला) कुठल्या दिवशी भेटायचं नाही, ग्राम आरोग्य समितीचा निधी कुठं अडकतो, आशाताईवर आधीच किती रजिस्टरं आहेत आणि संस्थेनं अजून एक दिलं तर ती वरवर हो म्हणून घरी ठेवून देते, हे संस्थांना कुणी सांगत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर सांगलीत मदतीला किती संस्था आल्या, सगळ्यांनी बाटल्या आणि बिस्किटं वाटली. पण पाणी ओसरल्यावर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकायचं, उघड्या पोत्यातल्या पावडरीचा जोर का उतरतो, ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघणारी) गावातल्या शेवटच्या नळाला का करायची, चिखलात उतरलेल्या लोकांना लेप्टो तापाचा धोका असतो म्हणून डॉक्टरांना विचारून गोळ्या कधी सुरू करायच्या, हे सांगायला तुमच्यासारखी बाईच लागते. पावसाळ्याच्या आधी एप्रिल-मेमधे संस्थांच्या पोरांना हे शिकवा, नदीकाठच्या संस्था आनंदानं पैसे देतील.

फी दिवसाची ठेवा, प्रवास वेगळा. संस्था लहान असेल तर दर कमी करा पण शून्य करू नका, फुकटच्या माणसाची मीटिंग नेहमी पुढे ढकलली जाते. वर्षाची कमाई २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नंबरची भानगड नाही. फीमधून १० टक्के टीडीएस कापला जातो, रिटर्न भरलं आणि टॅक्स बसत नसेल तर परत मिळतो. पीपीटीसाठी भाच्याला धरा. जतच्या पूर्व भागात काम आलं तर मात्र कन्नड बोलणारी कुणीतरी सोबत घ्या, तिथं घरात बायका कन्नडच बोलतात आणि मराठीत विचारलं की सगळ्याला हो म्हणतात. एक पथ्य पाळा, जुन्या ऑफिसातल्या ओळखीनं काम काढून देते असं कुणाला बोलू नका, सुरुवातीला भारी वाटतं पण नंतर लोक तेवढ्यासाठीच बोलवतात.

प्रश्न : कंपनीचे सीएसआर मॅनेजर म्हणतात कायद्यानं ॲडमिन खर्च ५ टक्केच, त्यामुळे तुमच्या अकाउंटंटचा आणि कोऑर्डिनेटरचा पगार बसत नाही. शिवाय त्यांचा कन्सल्टंट म्हणतो इम्पॅक्ट असेसमेंट (कामानं काय बदललं त्याची तपासणी) कम्पल्सरी आहे, ते तुमच्या बजेटमधून करा. खरं आहे का? – सातारा

दोन्ही गोष्टी अर्धवट सांगितल्यात. ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे, म्हणजे त्यांचं ऑफिस, त्यांचा स्टाफ. राबवणाऱ्या संस्थेचा खर्च त्यात मोजत नाहीत, हे कंपनी मंत्रालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या खुलाशात स्पष्ट आहे. फंडर स्वतःचं धोरण म्हणून कमी देऊ शकतो, पण मग कायद्याचं नाव घेऊ नये. कोऑर्डिनेटर रोज गावात जात असेल तर तो प्रोजेक्टचाच खर्च आहे, बजेटमधे 'ॲडमिन' खाली लिहूच नका.

इम्पॅक्ट असेसमेंटची सक्ती ज्या कंपनीचं सीएसआर बंधन (कायद्यानं करावाच लागणारा सीएसआर खर्च) सरासरी १० कोटी किंवा जास्त आहे तिलाच, तेही १ कोटी किंवा त्यावरच्या प्रोजेक्टला, प्रोजेक्ट संपून वर्ष झाल्यावर. करायची कंपनीनं, बाहेरच्या एजन्सीकडून. तुमचं प्रोजेक्ट २० लाखांचं असेल तर प्रश्नच येत नाही. तो खुलासा मंत्रालयाच्या साइटवरून काढा, संबंधित ओळीला पिवळा रंग मारा आणि मॅनेजरला नम्रपणे मेल करा, सीसीत त्यांच्या फायनान्सवाल्यांना ठेवा.