ओकापी रंगवायला घेतलास? काळा रंग आधी बाजूला ठेव

पट्टे दिसले की नवखे लोक झेब्राच रंगवून मोकळे होतात. ओकापी जिराफाचा भाऊबंद आहे, तेव्हा खांद्याकडून मागे येणारा उतार नीट धर. पट्टे फक्त मागच्या भागावर आणि पायांवर. बाकी अंग लालसर तपकिरी, मखमली. गडद छटेसाठी बर्न्ट सिएनात (तांबूस तपकिरी) अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळ. ट्यूबमधल्या काळ्याने अंग सपाट दिसतं. आखूड शिंगं फक्त नराला. पायांचा सराव नागपूरच्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयातल्या नीलगाईंवर कर, फोटोत सांधे कळत नाहीत. आणि मे महिन्यात पहाटेच बस बावा, आपल्याकडे ॲक्रिलिक पॅलेटवरच वाळतं.

चित्रात ओकापीच्या मुलखातलं युद्ध दाखवायचं असेल तर बंदुका नकोत, पोस्टर होतं त्याचं. हा प्राणी रानात फक्त आफ्रिकेतल्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकात उरलाय. २०१२ मध्ये सशस्त्र टोळीने तिथल्या इटुरी जंगलातल्या एपुलूच्या ओकापी संवर्धन केंद्रावर हल्ला केला. माणसं गेली, तिथले १४ ओकापीही गेले. इटुरीचं जंगल दाट, ऊन कवडशांनीच खाली येतं. त्यात एका कोपऱ्यात सोन्यासाठी उकरलेली उघडी माती दाखव. टोळ्या त्याच सोन्यावर पोसल्या जातात. ती माती प्राण्यापेक्षा जास्त उठावदार मात्र करू नकोस.