नोकरी गेली तर मिनेसोटात कोण बघेल?

तुम्ही विचारलंय: नोकरीच्या व्हिसावर बायको आणि सहा वर्षांच्या लेकीला घेऊन मिनियापोलिसला येताय, पुढे आई-बाबांनाही बोलवायचंय, उद्या नोकरी गेली तर सरकार काही देतं का, आणि चर्चमधून धान्य मिळतं हे खरं का?

सरकारचं आधी सांगते. एच-वन-बीवर नोकरी गेली की नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला हातात जास्तीत जास्त 60 दिवस असतात. फूड स्टॅम्प, म्हणजे किराण्यासाठीची सरकारी मदत, आताचा 'स्नॅप', तुम्हाला मिळणार नाही. ग्रीनकार्ड झाल्यावरही 1996 च्या कायद्यामुळे मोठ्या माणसांना बहुतेक वेळा पाच वर्षं थांबावं लागतं. म्हणून सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच निघा. आई-बाबांचा विमा तिकिटाबरोबरच काढा, आणि जुन्या आजारांचं कलम स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. लेकीची काळजी नको: मिनेसोटात 2023 पासून सरकारी शाळांत सगळ्याच मुलांना नाश्ता आणि जेवण मोफत आहे.

आता चर्च. हो, खरं आहे. मी शनिवारी एका ल्युथरन चर्चच्या तळघरात धान्यवाटपाला असते; इथे त्याला 'फूड शेल्फ' म्हणतात. आम्ही धर्म विचारत नाही, व्हिसाही विचारत नाही. राजमा, तांदूळ, पीनट बटर, कधी कांदे-बटाटे. गरज पडली तर संकोच न करता या.

पण ही माणसं नुसतं धान्य वाटून थांबत नाहीत, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. या पंथाचे मूळपुरुष मार्टिन ल्युथर यांच्या छोट्या प्रश्नोत्तरीत, प्रार्थनेतली 'रोजची भाकर' म्हणजे काय, याचं उत्तर अन्न, कपडे, घर असं सुरू होऊन चांगल्या राज्यकारभारापर्यंत जातं. त्यामुळे रेशन कापलं गेलं की ते गप्प बसत नाहीत. त्यांच्या चर्चचं वॉशिंग्टनमध्ये याच कामाचं कार्यालय आहे, मिनेसोटातही आहे. 2025 च्या वसंतात स्नॅप आणि मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी आरोग्यविमा, यांतल्या कपातीचं विधेयक आलं, तेव्हा रविवारच्या प्रार्थनेनंतर कॉफीच्या टेबलावर कागद-पेनं मांडलेली असायची. एका निवृत्त नर्सबाईंनी मला शेजारी बसवून खासदाराला पत्र लिहायला लावलं. मी म्हटलं, मला मतदानाचा हक्क नाही. त्या म्हणाल्या, तू राहतेस ना इथे?

प्रतिनिधीगृहात 218 विरुद्ध 214 मतांनी विधेयक पास झालं, 4 जुलैला सही झाली. आम्ही हरलो. काही महिन्यांनी बासष्ट वर्षांचे एक गृहस्थ खिशातून चौघडी घातलेलं पत्र काढून माझ्यासमोर उलगडत होते: महिन्याला 80 तास काम दाखवा, नाहीतर तीन वर्षांत तीनच महिने स्नॅप. ही अट पूर्वी 54 वयापर्यंत होती, आता 64. त्यांची पाठ धड नाही, राजम्याची पिशवीसुद्धा मीच गाडीत ठेवून दिली. निर्वासितांचं तर ग्रीनकार्ड होईपर्यंत स्नॅपच बंद. ज्यांना याच चर्चच्या लोकांनी विमानतळावरून आणून घर लावून दिलं, तीच ही कुटुंबं. पत्रं थांबलेली नाहीत. मेडिकेडची कामाची अट मिनेसोटात 2027 च्या सुरुवातीपर्यंत यायची आहे, अर्ज किती सोपा ठेवायचा यावर राज्यात अजून बोलता येतं.

तुम्हीही आल्यावर खासदाराला लिहा. व्हिसाची धास्ती वाटत असेल तर आधी वकिलाला विचारा. पत्रात आपला झिप कोड विसरू नका. पत्र खासदाराच्याच मतदारसंघातून आलंय हे त्यावरूनच कळतं.