‘या विषयात नोकरी कुठली?’ डिचोलीच्या एका आईला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमची मुलगी मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला समलिंगी, ट्रान्सजेंडर आणि इंटरसेक्स (जन्मतःच शरीराची ठेवण ठरीव स्त्री-पुरुष साच्यात न बसणाऱ्या) माणसांच्या हक्कांवर संशोधन करायचंय. यात नोकरी कुठली आणि लोक काय म्हणतील, असं तुम्ही विचारलंत.

प्रश्नावली तयार करणं, मुलाखत घेणं, आकडे तपासणं हे ज्याला नीट येतं, त्याला आरोग्य, शिक्षण, बालकल्याण अशा कुठल्याही क्षेत्रात काम मिळतं. हे शिकून ती या विषयात उतरली तर मला काळजी नाही. नुसत्या तळमळीवर उतरली तर आहे.

आणि इथे अशा माणसांची फार गरज आहे. २०११च्या जनगणनेत स्त्री आणि पुरुष यांखेरीज असलेल्या ‘इतर’ या रकान्यात देशभरातून ४,८७,८०३ माणसं नोंदली गेली, गोव्यात ३९८. आता नोंद होते कशी ते बघा. जनगणनेचा माणूस बल्कावावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसतो, घरातलं मोठं माणूस एकेकाची माहिती सांगतं, शेजारी ऐकत असतात. तिथे आपल्या पुतण्यासाठी ‘इतर’ कोण सांगणार? समलिंगी माणसांबद्दल तर त्या फॉर्मात प्रश्नच नव्हता. २०१४ साली अर्थतज्ज्ञ ली बॅजेट यांनी जागतिक बँकेसाठी भारताचा अभ्यास केला. समलिंगी व्यक्तींबद्दलच्या द्वेषामुळे होणाऱ्या नुकसानीचा त्यांचा सुरुवातीचा अंदाज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.१ ते १.७ टक्के असा होता. खालचा आणि वरचा आकडा यांत सतरा पटींचा फरक! हाताशी धड माहिती नसली की असंच होतं. समलिंगी संबंधांना गुन्हा न मानणारा कलम ३७७बद्दलचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ला लागला, ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी २०१९चा कायदा आला. पण शाळेत, दवाखान्यात, भाड्याची खोली शोधताना काय बदललं, हे मोजायला माणसं हवीत.

लोक काय म्हणतील ही तुमची भीती खरी आहे. मुलगी ज्यांच्या मुलाखती घेईल त्यांची भीती याहून मोठी असेल. गोवा केवढासा! ‘डिचोली तालुका, वय ३४, हायस्कुलात शिक्षिका’ एवढं छापलं तरी गावाला नाव कळतं. म्हणून नीतिसमितीची (संशोधनात माणसांना इजा होऊ नये हे तपासणाऱ्या समितीची) मंजुरी आणि माहितीची गोपनीयता हे तिने आधी शिकावं. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांपासून सुरुवात करू दे.

यंदाच संख्याशास्त्राचा पाया पक्का करायला सांगा. पुढे मुंबईची टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) किंवा तिथेच देवनारला असलेली आयआयपीएस (लोकसंख्या अभ्यासाची संस्था). दोन्हीकडे सीयूईटी-पीजी या प्रवेशपरीक्षेतून जाता येतं. घराजवळच राहायचं असेल तर गोवा विद्यापीठात समाजशास्त्र आहे. पर्वरीची ‘संगाथ’ ही संस्था १९९६पासून मानसिक आरोग्यावर काम करते. तिथे इंटर्नशिपसाठी जरूर विचारावं.

तिला हाच विषय का ओढतो, हे तुम्ही पत्रात दोनदा अडखळत विचारलंत. तिला चौकशीच्या सुरात विचारू नका, ताई. उत्तर काहीही असो, ते आईला सांगताना तिला धास्ती वाटू नये. अर्ज भरायच्या आधी विषयाचं एक पानी टिपण घेऊन तिला माझ्याकडे पाठवा. तुम्हीही या.